बिलाचा वास घेणाऱ्या आपा

मुमताज आपा बिलाचा वास घ्यायच्या. आधी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, मग चष्मा कपाळावर सरकवून तो नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटायच्या. समोरचा हमाल तेवढा वेळ श्वास रोखून उभा. मग डोळे उघडायचे आणि निकाल लागायचा.

"ह्याला हळदीचा वास येतो बाबा. हे मेडिकलात न्हाई, किराण्याच्या दुकानात फाडलंय."

"आपा, खिशात हळदीची पुडी होती."

"आन पुडी कावून होती खिशात? लगीन लागलंय का तुझं?"

सगळी मिल हसायची, हमालासकट. पण बिल काही पास व्हायचं नाही. आपा ते परत करायच्या आणि दाराकडे तोंड करून हाक मारायच्या, "एक चहा आणा रे, ह्याला!" बिल नामंजूर झालं की आपांच्या खर्चाने चहा मिळायचा. त्यामुळे आमच्या मिलीत आपा कुणाला प्रेमाने "बस, चहा घे" म्हणाल्या की त्याचा चेहरा पडायचा. नवा माणूस खूश होऊन बसायचा, जुने त्याच्याकडे दयेने बघायचे.

परळीत आमची सरकीच्या तेलाची मिल. आमची म्हणजे शेठची. मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचे आणि माझ्या शेजारच्या टेबलावर आपा. डोक्यावरून पदर, पायात पुरुषी सँडल. "बायकांच्या चपला थर्मलच्या राखेत टिकत न्हाईत," हे त्याचं कारण; गावाला लागूनच औष्णिक वीज केंद्र. टेबलावर शाईचं पॅड, शिक्का, भोकं पाडायचा पंच आणि बोरांची पिशवी. बोरांचा मोसम संपला की फुटाणे. बिल तपासताना तोंड चालू असायचं; तोंड थांबलं की समजावं, बिलात काहीतरी सापडलं.

आपांचं काम म्हणजे दवाखान्याचा पैसा. हे जरा नीट सांगते, कारण तेव्हा मी ते नीट सांगितलं नव्हतं आणि त्याचा गोंधळ पुढे येणारच आहे. मिलीतल्या प्रत्येक कायम कामगाराच्या नावे वर्षाला ठराविक रक्कम दवाखान्यासाठी राखलेली असायची. हा विमा नव्हे. मध्ये कुठली कंपनी नाही, हप्ता नाही, पगारातून कपात नाही. सगळा पैसा मालकाचा. पण तो आयता हातात पडायचा नाही. आधी कामगाराने आपल्या खिशातून दवाखाना करायचा, मग डॉक्टरची चिठ्ठी आणि पक्कं बिल आपांच्या टेबलावर ठेवायचं. आपांनी शिक्का मारला की पुढच्या पगाराबरोबर तेवढा पैसा परत. स्वतःसाठी, बायकोसाठी, लेकरांसाठी आणि पदरात असलेल्या आईबापासाठी. वर्षात खर्च झाला नाही तर थोडा पुढच्या वर्षात सरकायचा. नोकरी सोडली की मिलीचा पैसा मिलीत.

ही योजना आपांनीच मोठ्या शेठच्या गळी उतरवलेली. कशी, ते त्या स्वतः कधी सांगत नसत, पण ज्यांच्या देखत घडलं ते सांगायचे. एका फिटरचं बोट मशीनमध्ये आलं, त्याच दिवशी पट्टाही तुटला. पट्ट्याचे पैसे दुपारपर्यंत निघाले. बोटाचं काय करायचं यावर संध्याकाळपर्यंत चर्चा. आपा केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "शेठ, पट्ट्याचं खातं हाय तुमच्याकडं. बोटाचं खातं कुठं हाय?"

शेठ माणूस वाईट नव्हते आणि हिशेबाला तर फारच चांगले होते. आपल्याला जास्तीत जास्त किती जाणार हे आधीच ठाऊक, जो आजारी पडला नाही त्याचे पैसे तिजोरीतच, ऑडिटरला दाखवायला खर्च पक्का, आणि शिकवून तयार केलेला फिटर साखर कारखान्याकडे पळायचा थांबतो. एवढं सगळं त्यांनी बोटांवर मोजलं आणि हो म्हणाले. फक्त एक अट घातली. "आपा, एक खोटं बिल घुसलं की योजना बंद. राखण तुमच्याकडं."

म्हणून तो वास. मला हे कळायला बरीच वर्षं गेली. तोवर मी आपल्या डोक्याने चालत होते, आणि माझं डोकं तेव्हा भारी होतं. मी बीकॉम! परळीत नोकरी करणारी बीकॉम बाई म्हणजे काहीतरी आहे असं मला वाटायचं. परळीला तसं काही वाटत नव्हतं. गॉगल लावून स्कूटीवरून यायचे, गॉगल मिलीच्या आत गेल्यावरही काढायचे नाही आणि सरकीच्या पोत्यांना धडकायचे. योजना सुरू झाली तेव्हा हीच विदुषी वजनकाट्यावर उभी राहिली आणि कामगारांना भाषण ठोकलं. "हा तुमच्या हक्काचा पैसा आहे! तुमच्या नावावर आहे! मागायला लाजू नका!" टाळ्या पडल्या. मी उतरताना काट्याने माझं वजन दाखवलं, तेही कुणीतरी मोठ्याने वाचलं.

दिवाळीच्या आधी निम्मी मिल पिशव्या घेऊन आपांच्या टेबलापुढे. हक्काचा पैसा न्यायला. आपांनी शांतपणे फुटाणे बाजूला ठेवले.

"ए बीकॉम, इकडं ये."

मी गेले.

"सांग ह्यांना आता. कुणाकुणाला ताप आणायचा, कुणाचा दात पाडायचा. तुझ्या भाषणात तेवढं सांगायचं राहिलंय."

तेव्हापासून माझं नाव बीकॉम पडलं ते निवृत्तीपर्यंत. त्या दिवशी चहावाल्याचं भांडं दोनदा भरलं आणि सगळ्या चहाचे पैसे आपांनी मला भरायला लावले.

माझं स्वतःचं पहिलं बिल गेलं तेव्हाचीही गोष्ट आहे. खोकल्याचं औषध, तापाच्या गोळ्या आणि खाली बारीक अक्षरात गोरं होण्याची क्रीम. मेडिकलवाल्याने सगळं एकत्र लिहिलं, मी काय करणार, असा माझा चेहरा. आपांचं तोंड बोर चघळता चघळता थांबलं. बिल वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, डावीकडून, उजवीकडून.

"क्रीमचे पैसे न्हाई मिळणार. पर त्या मेडिकलवाल्याकडून परत घे तू. मला तर काय फरक दिसत न्हाई."

गंमत सोडा, पण आपांशी भांडण न झालेला माणूस मिलीत नव्हता, आणि आज आठवलं तरी वाटतं, लोकांचं काय चुकत होतं? पक्कं बिल म्हणजे काय सहज मिळणारी वस्तू आहे का आपल्याकडे? मेडिकलवाला म्हणतो, बिल पाहिजे तर पूर्ण पैसे, नको तर सूट. डॉक्टर पैसे ड्रॉवरमध्ये टाकतो आणि "पुढचा" म्हणतो. पावती मागितली तर आपण त्याच्या डिग्रीवर संशय घेतल्यासारखा बघतो. राखेने सगळ्या गावाची छाती भरलेली, सगळं गाव खोकतं, आणि त्या खोकल्याचा लेखी पुरावा कुणाकडे नाही. कामगार आपांवर चिडायचे, आपा दुकानदारांवर चिडायच्या. मधल्या सुट्टीत सँडल घालून बाजारात जायच्या आणि काउंटरवर हात आपटायच्या, "बिल दे त्याला! औषध तू दिलंस, सही करायला हात दुखतो काय?"

एकदा तर उमापूरला गेल्या. आमचा एक हमाल तिकडचा. सुट्टीत गावी गेला, बैलगाडीवरून पडला, हात मोडला आणि गावातल्या हाडवैद्याकडून बसवून आला. हात झकास बसला. बिल नाही. आपा रविवारी एसटी बदलत बदलत गेवराई गाठून पुढे उमापूरला पोचल्या. सोमवारी आल्या तेव्हा राग डोक्यापर्यंत.

"मी म्हणले, पावती द्या. म्हणला, कशाची? म्हणले, हात बसवल्याची. तर म्हणतो, बसला न्हाई का? बसला की! मग म्हणतो, हातच पावती हाय, घिऊन जा. आता काय हात पंच करून फाइलीत लावू मी?"

"मग काय केलं तुमी?"

"काय करणार? गुडघा दाखवून आले. बरा वाटतोय, मरो."

त्या हमालाला चहा मिळाला. सरळ हाताने कप धरून प्यायला बिचारा.

बिलांचा त्रास मी एकवेळ सोसला असता. पण खरी गोम दुसरीकडे होती आणि तिचा विचार आला की आजही माझं रक्त तापतं. आधी भरा, मग मागा. ज्याच्या खिशात आधी भरायला आहे त्याचंच पुढे परत येतं. ज्याच्याकडे भरायलाच नाही त्याचा पैसा तिजोरीत त्याच्या नावाने निवांत झोपलेला आणि तो इकडे डॉक्टरच्या दारात उभा. ही गोष्ट मी आपांना एकदा ऐकवली, जरा भाषणाच्या सुरातच. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई वाटतं तुला?" आणि उरलेला दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग मोठे शेठ गेले आणि धाकटे शेठ आले. पुण्याला शिकून आलेले. पहिल्याच महिन्यात म्हणाले, ही भानगड बंद करून सगळ्यांना विम्याची कार्डं देऊ, सुटसुटीत. आपा म्हणाल्या, "मोठ्या शेठची अट हाय, खोटं बिल घुसलं तरच बंद." धाकटे शेठ हसले. "ठीक आहे, आपा. एक चुकीचं बिल सापडू द्या." तेव्हापासून आपा वास जास्तच घ्यायला लागल्या.

अशात भागवतचं प्रकरण आलं.

भागवत आमचा फिटर. थोडक्यात बोलणारा, हातातला पाना टेबलावर ठेवूनच माणसाशी बोलणारा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेलगावच्या जवळच्या वस्तीवर. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, माजलगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवली. भागवत आपांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी पाना हातातच होता.

"आपा, सासरे म्हणत्यात उद्या घरी नेतो लेकराला. डॉक्टर म्हणतो अजून पेटीत ठिवावं लागंल."

"मग कावून नेतात?"

"त्यांच्याकडचं संपलं. माझ्याकडून घेत न्हाईत. म्हणत्यात, पयलं बाळंतपण माहेरचं. जावयाच्या मिलीचा पैसा लावला तर वस्तीवर तोंड दाखवता येणार न्हाई."

आपांचं तोंड थांबलं. बोर गालात तसंच.

नियम आपांनाच पाठ. पैसा परत मिळणार तो कामगाराने स्वतः भरला असेल तर. सासऱ्याने भरला तर एक रुपया नाही. म्हणजे भागवतच्या नावाने वर्षभर राखलेला पैसा, ज्या दिवसासाठी राखला तोच दिवस आला, आणि मध्ये एक म्हातारा आपली इज्जत घेऊन उभा.

"बीकॉम, स्कूटी काढ."

"आपा, माजलगाव आहे ते!"

"मग पेट्रोल टाक."

मागे आपा, कडेला एसटीचे धूर, तोंडात ऊसवाहतुकीची धूळ. सिरसाळा गेलं, तेलगाव गेलं. माझ्या गॉगलचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला.

दवाखान्याच्या ओट्यावर भागवतचे सासरे बसलेले. अण्णा म्हणायचे त्यांना सगळे. पांढरं धोतर, टोपी नीट. मी पुढे होऊन त्यांना योजना समजावायला लागले, लाभार्थी, परतावा, कमाल मर्यादा. अण्णा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काहीतरी विकायला आले आहे. आपांनी मला कोपराने बाजूला केलं आणि खाली ओट्यावरच बसल्या.

"अण्णा, पोरगी कशी हाय?"

"बरी हाय."

"पयलं बाळंतपण माहेरचं. एकदम बरोबर. आमच्यातबी तसंच. माझ्या बापानं शेळ्या इकल्या पर नवऱ्याला खिशात हात घालू दिला न्हाई." मग जरा थांबून, "पर एक सांगा. बाळंतीण तुमची. लेकरू कुणाचं?"

अण्णांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"तुमच्या घराण्याचं नाव लागणार हाय का त्याला?"

"न्हाई. त्यांचंच की."

"मग? बाळंतिणीचं ऑपरेशन, खोली, डिंकाचे लाडू, समदं तुमी केलं, कुणी एक रुपया लावला न्हाई. तुमचं बाळंतपण झालं, लई चांगलं झालं. आता पेटीत हाय ते भागवतचं लेकरू. त्याच्या लेकराला त्यानं पेटीत ठिवलं तर तुमची कशी इज्जत जाती? उलट त्याच्या लेकराचा खर्च तुमी केला तर त्याची जाती."

अण्णांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जावयाकडे पहिल्यांदा बघितलं.

"हे आधी कुणी बोललंच न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं! मी जवळजवळ टाळी वाजवली. पण पैसे? भागवतने आधी भरायचे, आणि भागवतच्या खिशात भाड्यापुरते. आपांनी मिलीत कॅशियरला फोन लावला. "भागवतची उचल लिव. हां, उचल. कशाला म्हणजे? उचल कशाला असती?" पगारावर उचल ही गोष्ट आपल्याकडे पोरंसोरंही ओळखतात. दवाखान्यासाठी आगाऊ मागितली असती तर धाकट्या शेठने दहा प्रश्न विचारले असते; उचलीच्या कागदावर त्यांनी न बघता सही केली. संध्याकाळच्या आत पैसे भागवतच्या फोनवर. उचलीने भरायचं, बिल पास झालं की उचल फिटायची. एवढी साधी वाट, आणि ती आम्हाला एवढ्या वर्षांत सुचली नव्हती! आपांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी कपाळावर हात मारला.

मग काउंटर. लेकराचं बिल वेगळं करून द्या, म्हणून. काउंटरवरच्या मुलीने दिलं. त्यावर लिहिलेलं, मंगलचं बाळ, आणि पुढे मंगलच्या बापाचं नाव.

"मंगल कोण?" मी विचारलं. मिलीच्या कागदावर भागवतची बायको सुनीता.

"मंगलच की ती," अण्णा म्हणाले.

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने सुनीता लिहिलं. सासरी सुनीता झाली, मिलीतही सुनीता. माहेरी मात्र जन्मापासून मंगल, आणि दवाखान्यात दाखल केलं भावाने. त्याला बहिणीचं दुसरं नाव तोंडात कसं येणार? आधार कार्डही जुनंच.

"बाई, तिथं सुनीता लिव," आपा म्हणाल्या.

"आधारवर जे आहे तेच लिहिता येतं, काकू."

"आगं, पर बाई तीच हाय ना."

"असेल हो. कागदावर नाही ना."

मी इंग्रजीत दोन वाक्यं टाकून बघितली. त्या मुलीने त्याहून चांगल्या इंग्रजीत मला नाही म्हटलं. आपा माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर ते ओळखा. इतकी वर्षं त्या ज्या सुरात लोकांना "कागदावर न्हाई ना" म्हणायच्या, तोच सूर काउंटरच्या अलीकडे उभं राहून त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

मुलगी पेटीत राहिली. डॉक्टर म्हणाला तेवढे दिवस राहिली आणि घरी गेली. बिल आपांच्या टेबलावर आलं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. आपांनी बिल उजेडाला धरलं, नाकाशी नेलं. "स्पिरिटचा वास हाय. आन दुधाचा." खाली ठेवलं. परत उचललं. नाव जुळत नाही, म्हणजे बिल चूक. याच कारणावरून त्यांनी किती जणांना चहा पाजला होता. परत केलं तर उचल भागवतच्या पगारातून कापली जाणार, म्हणजे शेवटी पेटीचा खर्च त्याच्याच पोटातून जाणार. पास केलं तर धाकटे शेठ दाराशी वाट बघत बसलेले. मी म्हणाले, "आपा, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करू, गॅझेटला देऊ." त्याला किती महिने लागतील ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि आपांचाच नियम होता की तीन महिन्यांपेक्षा जुनं बिल घ्यायचं नाही.

आपांनी पेन घेतलं आणि बिलाच्या कडेला स्वच्छ अक्षरात लिहिलं: "मंगल आणि सुनीता एकच बाई आहे. मी स्वतः पाहिली आहे." खाली सही. मग शिक्का मारला, एवढ्या जोरात की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला.

पगाराबरोबर भागवतची उचल फिटली. त्यानंतर काही दिवसांनी धाकट्या शेठने आपांना केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धं उघडं होतं आणि कान ही माझी लहानपणापासूनची ताकद.

"आपा, 'मी स्वतः पाहिली आहे' हे ऑडिटरने कुठल्या खान्यात टाकायचं?"

"खरं हाय ते शेठ."

"खरं असेल. खरं-खोटं मी म्हणतच नाही. चुकीचं आहे." मग आवाज मऊ झाला. "बसा ना आपा. चहा घ्या."

बाहेर आम्ही सगळे होतो. कुणी हललं नाही. धाकट्या शेठला बिचाऱ्याला त्या चहाचा अर्थ माहीत नव्हता. आपांना माहीत होता. त्या बसल्या, पूर्ण कप प्यायल्या, बशीही प्यायल्या आणि बाहेर आल्या. टेबलावरचा शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला. फुटाण्यांची पिशवी मला दिली.

मग कार्डं आली. चकचकीत, प्रत्येकाचा फोटो असलेली. अॅडमिट झालात तर पैसे. उभ्या उभ्या खोकलात तर काही नाही. परळी तर उभ्या उभ्या खोकणारं गाव. गोळ्यांचा, औषधाच्या बाटल्यांचा, लेकराच्या वाफेच्या मशीनचा खर्च ज्याचा त्याने. खोटी बिलं अर्थातच थांबली. खरीही थांबली. धाकटे शेठ म्हणतात तसं सगळं सुटसुटीत झालं. मला आजही कुणी सुटसुटीत म्हटलं की ओरडावंसं वाटतं.

आपा त्यानंतर लवकरच निवृत्त झाल्या, मी त्यांच्या मागून. आता मी आजी. नातवाला ताप आला की पुण्यातली सून बिलाचा फोटो काढते, फोनमध्ये टाकते आणि कंपनीचे पैसे तिच्या खात्यात येतात. मला हे फार कौतुकाने आपांना सांगायचं होतं. परवा त्या भेटल्याच. स्टेशनरोडच्या मेडिकलपुढे, तेच पुरुषी सँडल, पदर डोक्यावर, केस पूर्ण पांढरे. काउंटरवर भांडण चालू.

"पक्कं बिल दे म्हणले ना."

"आपा, बिलाशिवाय घ्या, सूट देतो. मिलीची योजना बंद पडून किती वर्षं झाली!"

"सूट तुझ्याजवळ ठिव. बिल दे. नाव लिव. भागवतची पोरगी."

त्या पोरीची छाती अजून नाजूक आहे; राख उडाली की वाफ घ्यावी लागते. आता शाळेत जाते, शिक्षिका तिला बडबडी म्हणतात. भागवत पाळीवर असला की औषध आपा आणतात, पैसे तो देतो, बिल आपा ठेवतात. आपांनी बिल घेतलं, उजेडाला धरलं, नाकाशी नेलं, घडी करून पर्समध्ये टाकलं. आत तशाच घड्या बऱ्याच होत्या.

मी सुनेच्या फोनचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"फोटोला वास कसला येणार," म्हणाल्या, आणि विषय संपला.

"पण आपा, ही बिलं साठवून काय करणार तुमी?"

"उद्या योजना चालू झाली तर? मागचं बिल कुठून आणणार भागवत?"

माझ्यातली बीकॉम अजून मेलेली नाही. मी हसत हसत म्हणाले, "आपा, तीन महिन्यांपेक्षा जुनं बिल चालत न्हाई. नियम तुमचाच हाय."

आपांनी चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याकडे बघितलं, डावीकडून, उजवीकडून, क्रीमच्या वेळी बघितलं होतं तसंच. मग शेजारच्या हॉटेलाकडे तोंड करून हाक मारली.

"एक चहा आणा रे, ह्या बाईला!"